बाबांची हनुवटी

लोकांच्या हनुवट्या सुधारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. उज्जैनला माधव नगरमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी सुरू केला, मी वाढवला. पासपोर्ट साइज, साखरपुडे, लग्नं, स्थळांकडे पाठवायचे फोटो, सगळं करतो. माणूस दारातून आत आला की त्याचं काम कळायच्या आधी मला त्याची हनुवटी दिसते. ती आत गेलेली असली तर फोटो समोरूनच घ्यायचा, बाजूने चुकूनही नाही. "भिया, गर्दन ज़रा आगे," म्हणायचं. एवढ्यानं भागलं नाही तर नंतर कम्प्युटरवर हनुवटी चिमूटभर पुढे ओढायची. नेमकं काय केलं ते गिऱ्हाइकाला कळत नाही, पण फोटो बघून तो खूश होतो आणि पुढच्या वेळी भावाला घेऊन येतो. या कामात माझा हात धरणारा उज्जैनमध्ये दुसरा कोणी नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण लोक सांगतील म्हणून वाट बघत बसण्याइतका धीर माझ्यात नाही.

माझी स्वतःची हनुवटी मात्र मी कॉलेजात असतानाच दाढीखाली घातली होती. दाढी मला शोभते असं सगळे म्हणत. काहींना ती महाकालाची भक्ती वाटे, आणि मी कोणाचाच गैरसमज दूर केला नाही. लग्नात हिने दाढीलाच हार घातला, असं माझे मेव्हणे अजून चिडवतात. दाढीखाली काय आहे ते बायकोलाही माहीत नव्हतं.

बाबा गेले ते एका दुपारी. जेवले, ताक प्यायले, आडवे झाले, आणि चहाच्या वेळी आईने हाक मारली तेव्हा उठलेच नाहीत. हार्ट बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तेव्हा स्टुडिओत एका बाळाला खुळखुळा वाजवून हसवत होतो.

इथल्या मराठी घरांत तिसऱ्या दिवशी उठावना ठेवायची पद्धत आता पक्की झाली आहे. संध्याकाळी लोक येतात, समोर फोटो असतो, फुलं वाहून हात जोडतात आणि निघतात. म्हणजे तीन दिवसांत फोटो तयार पाहिजे. ते काम माझ्याकडे येणार हे उघड होतं. सुतकात दुकान उघडू नये म्हणतात. मी शटर अर्धं वर करून वाकून आत शिरलो. बाबांचा काउंटरवर बसलेला एक चांगला फोटो होता. मागचं कॅलेंडर काढलं, उजेड वाढवला, शर्टाची कॉलर सरळ केली. डोळ्यांत पाणी होतं, पण हात चालत होता. मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली, घरी आणून चौरंगावर ठेवली.

आईने फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

मला वाटलं, तिचं डोकं ठिकाणावर नाही. मी हळूच म्हणालो, "आई, बाबा आहेत."

"नाही. हे तुझ्या कोणत्या तरी गिऱ्हाइकासारखे दिसून राहिलेत. ह्यांची हनुवटी कुठे गेली?"

मी वाकून बघितलं तर खरोखरच बाबांना मी चांगली चौकोनी, पुढे आलेली हनुवटी दिली होती. कधी दिली ते मला आठवत नव्हतं. रोज दहा लोकांना देतो तशी दिली असणार. लोक यायला सुरुवात झाली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःचा राग आला आणि, खरं सांगायचं तर, आईचाही. आज हे बघायची काय गरज होती, असं वाटलं. तरी तो फोटो चौरंगावरून उचलला, पांढऱ्या कुर्त्यातच स्कूटर काढली आणि खऱ्या हनुवटीची दुसरी प्रिंट घेऊन आलो. तोवर लोक रिकाम्या चौरंगावरच फुलं वाहून गेले होते.

दहाव्या दिवशी रामघाटावर क्षौर झालं. न्हाव्याने डोकं केलं आणि वस्तरा थांबवून विचारलं, "भिया, दाढ़ी-मूँछ सब?" गुरुजींनी माझ्याऐवजी मान हलवली. दाढी पायरीवर पडत गेली आणि क्षिप्रेवरून येणारा गार वारा कितीतरी वर्षांनी माझ्या गालांना लागला. न्हाव्याच्या हातातल्या छोट्या आरशात मी बघितलं. खालचा ओठ संपला की सरळ गळाच सुरू होत होता. आरशात बाबा होते, फक्त केस नसलेले.

घरी आल्यावर बायकोने मला दारातच अडवलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाली, "असे आहात होय तुम्ही." एवढं बोलून तिला हसू आलं. सुतकातलं हसू दाबत ती आत पळाली. आई मात्र हसली नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. आमच्या बाजारात दुपारी सामसूम असते, म्हणून मी घरी जेवायला येतो आणि जेवून हॉलमधल्या सोफ्यावर जरा लवंडतो. आता मी लवंडलो की आई समोरची खुर्ची बाजूला ओढून तिथे बसायला लागली. हातात काहीतरी निवडण्याचं काम घ्यायची आणि मधून मधून माझ्याकडे बघायची. दुसरी गोष्ट म्हणजे, दाढीचे खुंट वाढायला लागले तसं ती म्हणाली, "इतक्यात नको वाढवू दाढी. असाच राहा."

मला वाटलं, समजलं. बाजूने मी हुबेहूब बाबा दिसतो. फोटोत हनुवटी बदलली तर हिला सहन झालं नाही, आता हलतीबोलती मिळाली आहे तर बघून घेऊ दे. मी रोज सकाळी मुकाट्याने दाढी करू लागलो. आईसाठी एवढं करतोय म्हणून मला माझं कौतुकही वाटत होतं.

पण रोज दाढी करायची म्हणजे रोज आरसा आला. ज्या हनुवट्यांना दिवसभर ठीक करायचं तसलीच एक सकाळी सकाळी समोर. गिऱ्हाइकांचे फोटो काढताना मी स्वतः भिंतीच्या बाजूला तोंड करून उभा राहू लागलो. बायकोच्या मावसबहिणीच्या लग्नात कोणी तरी बाजूने माझाच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, तेव्हा मी ठरवलं की याचा सोक्षमोक्ष लावायचा. इंदूरला एका स्किन क्लिनिकमध्ये फिलरचं इंजेक्शन देतात असं ऐकलं होतं. हनुवटीत जेल भरतात, बसल्या बैठकीत काम होतं, वर्ष-दीड वर्षात ते आपोआप विरघळतं. मला हे फारच पसंत पडलं. थोडं थोडं भरून घेतलं तर आईच्या लक्षातही येणार नाही, असा माझा हिशोब होता.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चेहऱ्याचं काय करायचं ते करा. पण घोरण्याचं कोण बघणार?" ती लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शेजारच्या खोलीत झोपायला गेली होती. मी घोरतो हे मला मान्यच नव्हतं, कारण मी कधी ऐकलं नव्हतं.

इंदूरच्या डॉक्टरबाईंनी मला टॅबवर आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. मी म्हणालो, "मॅडम, नंतरच्या फोटोत दिवा डावीकडे सरकलाय आणि मानही वर आहे. एवढं तर मी इंजेक्शनशिवाय करून देतो." त्या रागावल्या नाहीत. उलट हसल्या, आणि खुर्ची जवळ ओढून त्यांनी माझा चेहरा दोन्ही बाजूंनी नीट बघितला. दात चावायला लावले. मग विचारलं, "दिवसा झोप येते का?"

येते म्हणजे काय. एका नवरदेवाचा फोटो काढताना मी उभ्या उभ्या पेंगलो होतो. सकाळी डोकं जड असे, मी ते चहावर ढकलत असे. देवास रोडवर एकदा स्कूटर चालवताना डोळे मिटले होते आणि चाक रस्त्याकडेच्या कच्च्यात उतरल्यावर उघडले होते. हे मी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मी फिलर देऊ शकते. तुम्ही छान दिसाल. पण तुमची हनुवटी लहान नाही, पूर्ण जबडाच मागे आहे. आधी जबड्याच्या सर्जनना भेटा, मग ठरवू." हातातलं गिऱ्हाईक परत पाठवणारं माणूस मी आमच्या धंद्यात तरी बघितलेलं नाही.

सर्जनसाहेब माझ्याच वयाचे होते, आणि माझ्यासारखेच स्वतःवर खूश. आमचं लगेच जमलं. त्यांनी झोपेची तपासणी करवली. बोटाला चिमटा, नाकाला नळी लावून झोपायचं आणि सकाळी कागद बघायचा. झोपेत माझा श्वास अडत होता, पुन्हा पुन्हा अडत होता. मास्क लावून झोपायचं मशीन त्यांनी आधी दिलं. दोन महिने मी ते इमानदारीने लावलं आणि झोपेत तितक्याच इमानदारीने उपटून फेकलं. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "खालचा जबडा पुढे काढा. अजून. आता नाकाने श्वास घ्या."

मी घेतला. हवा थेट आत गेली, कुठेच अडखळली नाही. जबडा मागे सोडला की वाट पुन्हा अरुंद. पुन्हा पुढे काढला. मी त्यांच्या खुर्चीत बसून कितीतरी वेळ जबडा पुढे-मागे करत राहिलो. माणसं असा श्वास घेतात, हे मला चाळिशीला आल्यावर कळत होतं.

"फिलरने हे होईल?" मी विचारलं.

"फिलर बाहेरून भरतात. आतली वाट आहे तेवढीच राहते."

म्हणजे मी कम्प्युटरवर करतो तेच. ऑपरेशन मात्र मोठं होतं. आधी वर्षभर दातांना तारा, मग हाड कापून जबडा पुढे आणायचा, पट्ट्या-स्क्रू लावायचे, कित्येक आठवडे पातळ खायचं. खालचा ओठ बधिर होऊ शकतो, कोणाकोणाचा पूर्ण परत येत नाही. श्वास सुधारेल अशी चांगली आशा आहे, पण हमी देत नाही, असंही त्यांनी स्वच्छ सांगितलं. या सगळ्याची मला भीती वाटली नाही असं नाही, पण ती पेलण्यातली होती. चातुर्मासात लग्नं नसतात. पुढच्या आषाढात ऑपरेशन ठेवायचं, हेही मी येताना बसमध्येच ठरवून टाकलं.

अडत होतं ते फक्त एका ठिकाणी. तारा आईपासून लपणार नव्हत्या, आणि ऑपरेशननंतर तिच्या समोरच्या सोफ्यावर बाबा दिसणार नव्हते. फिलर घेतलं असतं तर चेहरा थोडा बदलला असता, वर्षभराने परतही आला असता. तिला तिचा चेहरा राहिला असता आणि मला माझी झोप. त्या झोपेत काय होतं ते आता मला माहीत होतं, तरी आईला कसं सांगायचं या विचाराने मी दोनदा क्लिनिकला फिलरसाठी फोन लावला आणि दोनदा उचलायच्या आत कापला.

शेवटी मी माझ्या पद्धतीने तयारी केली. स्वतःचा बाजूने फोटो काढला, ऑपरेशननंतर कसा दिसेन ते अंदाजाने बनवलं, प्रिंट काढली आणि दुपारी जेवण झाल्यावर आईसमोर ठेवली. ती खुर्चीत मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तपासणी, मशीन, जबडा, तारा, ओठ. शेवटी म्हणालो, "असा दिसेन. बाबांसारखा नाही दिसणार."

तिने पदराला हात पुसले, प्रिंट हातात घेतली, बघितली. "बरा दिसतोस," म्हणाली आणि ती बाजूला ठेवून दिली. "श्वासाचं काय म्हणाले डॉक्टर?"

मी किती तरी प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती, त्यात हा नव्हता. "हमी नाही देत. पण सुधारेल म्हणाले."

"मग मला काय विचारून राहिलास? करून टाक."

"तुला चालेल? तू त्या दिवशी फोटोवरून..."

"फोटो खरा पाहिजे रे. ते तर गेले, आता फोटोत पण दुसराच माणूस बसवायचा का?" तिने मेथीची पुढची काडी उचलली. "तुला वाटतं मी तुझी हनुवटी बघत बसते?"

मला तेच वाटत होतं.

"लग्न झालं तेव्हापासून मी ह्यांचं घोरणं ऐकत झोपले. घोरण्याचा त्रास नव्हता मला. घोरणं थांबायचं, त्याचा होता. थांबलं की मी कोपर मारायची. मग परत सुरू. ह्यांना कधी सांगितलं नाही, फालतू टेन्शन घेतलं असतं." ती पानं खुडत होती, आवाज नेहमीचाच होता. "त्या दुपारी माझा पण डोळा लागला."

"आई, हार्ट होतं ते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सांगितलं ना. मी पण तिथेच होते." तिने निवडलेली मेथी ताटलीत सारखी केली. "तू पण तसाच झोपतोस. थांबतोस आणि मग दचकून घेतोस श्वास. म्हणून बसते इथे. दाढी असली की तोंड उघडं आहे का मिटलेलं ते खुर्चीतून दिसत नाही. तेव्हापासून दुपारी पाठ टेकली नाही मी. टेकवतच नाही."

मी सोफ्यावर बसलो होतो तिथून उठलो आणि तिच्या खुर्चीजवळ खाली जमिनीवर बसलो. लोकांचे चेहरे वाचतो म्हणून मी आयुष्यभर शेखी मिरवली आणि माझ्या आईचा चेहरा मी उलटा वाचला होता. ती माझ्यात नवऱ्याला शोधत नव्हती. ती पहारा देत होती, एकटी, कोणाला न सांगता. मला खूप रडू आलं आणि मी रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मेथीचा वास होता. "तारा कधी लावणार?" तिने विचारलं.

तारा लागल्या. स्टुडिओत गिऱ्हाइकं म्हणत, "भिया, इस उमर में?" मी म्हणत असे, "अभी तो जवानी चालू हुई है." पुढच्या आषाढात, लग्नाचा शेवटचा अल्बम देऊन, मी इंदूरला भरती झालो. ऑपरेशनला जाताना सर्जनसाहेब म्हणाले, "घाबरला नाहीत ना?" मी म्हणालो, "तुम्ही घाबरू नका म्हणजे झालं." ते हसले आणि पुढचं मला काही आठवत नाही.

घरी आलो तेव्हा तोंड भोपळ्याएवढं झालं होतं आणि जबडा रबरांनी बांधलेला. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला मोबाइलवर लिहून दाखवायची पाळी आली, याचा बायकोला मनापासून आनंद झाला. खालच्या ओठाला काहीच कळत नव्हतं. सिरिंजने वरणाचं पाणी घेताना ते हनुवटीवरून गळ्यात जाई आणि मला पत्ताच नसे. आई टॉवेल घेऊन उभी असे. आरसा मी बघितला, पण सुजेत काय दिसणार. चेहऱ्याचं पुढे बघू, असं म्हणून सोडून दिलं. झोप मात्र पहिल्याच आठवड्यापासून वेगळी होती. सुजलेल्या तोंडाने, उशांवर अर्धवट बसून झोपत होतो, तरी सकाळी डोकं हलकं असायचं.

एका दुपारी मला जाग आली. बाहेर श्रावणातल्या महाकालाच्या सवारीसाठी रस्ते अडवायला सुरुवात झाली होती, लाउडस्पीकरवर काही तरी सूचना चालू होत्या. मी डोळे न उघडता पडून राहिलो आणि माझाच श्वास ऐकला. सरळ जात होता, सरळ येत होता. तरी खोलीत कोणी तरी घोरत होतं. बारीक, एकसारखं.

मी मान वळवली. पलंगाला लागून आईची खुर्ची होती. मांडीवर तांदळाचं ताट तिरकं झालेलं, मान मागे टेकलेली, तोंड उघडं. ती गाढ झोपली होती.

बायको चहा घेऊन दारात आली आणि तिला हाक मारणार, एवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. बोटाला ओठ लागला, ओठाला बोट कळलं नाही. बायको आवाज न करता मागे फिरली. मी आईच्या मांडीवरचं ताट अलगद काढून घेतलं, तिच्याकडे तोंड करून कुशीवर झालो, आणि ती उठेपर्यंत जागा राहिलो.